सोलापूरच्या काळ्या मातीवरचा रस्ता: गुणवत्ता तपासायची कशी, पायरी पायरीने

सोलापूर जिल्ह्यात रस्ता बहुतेक वेळा खालून बिघडतो आणि बोल मात्र डांबराला लागतो. मंगळवेढ्याची जी काळी माती पावसाचा ओलावा धरून मालदांडी ज्वारी पिकवते, तीच ओली झाली की फुगते आणि सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वर कितीही चांगलं डांबर टाका, पायाखालची जमीनच वर्षातून दोनदा हलत असेल तर ते किती दिवस टिकणार?

प्रोजेक्टसाठी रस्ता हा विषय घेतलेल्या डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांसाठी आणि साइटवर नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरसाठी हे लिहितोय. तपासणीचा क्रम खालून वर असाच ठेवलाय: माती, भराव, खडी, डांबर, तयार रस्ता. इथले बरेचसे आकडे केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमधले, म्हणजे साइटवर ज्याला ‘मोर्थ’ म्हणतात त्याच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. तुमच्या टेंडरमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

आधी जागा, मग यंत्र

प्रयोगशाळेतल्या चुका सापडतात. चुकीच्या जागेवरून घेतलेला नमुना मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याचा अहवाल अगदी नीटनेटका असतो. साइटवर पोचलात की कोणीतरी आपुलकीने म्हणतं, “साहेब, इथं घ्या, इथं सावली आहे.” त्या सावलीत रोलरच्या चार फेऱ्या जास्त झालेल्या असतात.

म्हणून जागा घरूनच ठरवून निघा. एक किलोमीटरचे २०० मीटरचे पाच तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) आणि कडेपासूनचं अंतर यादृच्छिक अंकांवरून काढा. संगणकावर हे एका सूत्राचं काम आहे. संगणक जवळ नसेल तर खिशातली नोट काढा आणि तिच्या क्रमांकाचे शेवटचे अंक वापरा. हसू नका, यात कोणाची मर्जी चालत नाही. यादृच्छिक नमुन्यांखेरीज जिथे शंका येते तिथलाही नमुना जरूर घ्या, पण तो वेगळ्या वहीत लिहा. सरासरीत मिसळला की दोन्हींचा उपयोग संपतो.

शंकेच्या जागा आपल्याकडे ठरलेल्या आहेत. मोरीच्या दोन्ही बाजूंचा भराव, कारण तिथे मोठा रोलर पोचत नाही. शेतकऱ्याने पाइपलाइन नेण्यासाठी आडवा चर मारून परत बुजवलेली जागा. उजनीच्या कालव्याखालच्या भिजणाऱ्या उसाच्या रानाला लागून असलेली रस्त्याची कड. आणि जुना रस्ता जिथे रुंद केलाय तिथला नव्या-जुन्याचा सांधा.

माती: दोन नळ्या आणि थोडं रॉकेल

मातीच्या चाचण्या बऱ्याच आहेत, पण सोलापुरात पहिली करायची ती फ्री स्वेल इंडेक्सची. हिला ना महागडं यंत्र लागतं ना मोठी जागा. माती ओव्हनमध्ये सुकवायची आणि ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायची. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करून १०० मिलीलिटरच्या दोन मापी नळ्यांत टाकायचे. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत रॉकेल. हलक्या हाताने ढवळून अडकलेली हवा काढायची आणि २४ तास ठेवून द्यायचं.

रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा, रॉकेलच्या नळीत ती १० मिलीवर बसली आणि पाण्याच्या नळीत १७ मिलीवर. फरक ७, भागिले १०, म्हणजे ७० टक्के. मोर्थप्रमाणे ५० टक्क्यांच्या वर गेलेली माती भरावात चालत नाही. ५० च्या आत असली तरी सबग्रेड (खडीच्या थरांच्या लगेच खालचा मातीचा थर) आणि त्याच्या लगतचा खालचा ५०० मिलिमीटरचा थर न फुगणाऱ्या मातीचाच हवा. शेजारच्या शेतातून फुकट मिळणारी माती रस्त्यात येते ती हीच चाचणी टाळून.

त्याच मातीची लिक्विड लिमिट (किती पाण्याला ती पातळ होऊन वाहू लागते) आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्सही (ती किती चिकट आहे) काढा. पहिली ५० च्या वर आणि दुसरा २५ च्या वर गेला तर ती माती बाद.

मग सीबीआर, म्हणजे माती किती भार पेलते ते सांगणारी टक्केवारी. नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा आणि नंतर ठरावीक वेगाने दांडा आत दाबायचा. अडीच मिलिमीटरला लागलेला भार १३७० किलोशी आणि पाच मिलिमीटरला लागलेला २०५५ किलोशी ताडून टक्केवारी काढतात. चार दिवस मोल्ड पाण्यात असताना डायल गेजवर मातीचा फुगवटाही दिसतो. तो रोज लिहून ठेवा. बहुतेक प्रोजेक्टमध्ये फक्त सीबीआरचा आकडा छापतात आणि काळ्या मातीबद्दल खूप काही सांगणारी ही फुगवट्याची नोंद वाया जाते.

सीबीआर कमी आला तर दोन वाटा आहेत: बॉक्स कटिंग करून माती काढून मुरूम भरायचा, नाहीतर चुना मिसळून मातीच सुधारायची. चुन्याने काळ्या मातीची चिकटण आणि फुगणं दोन्ही कमी होतं. किती टक्के चुना घालायचा हे पुस्तकातून उचलू नका. दोन, तीन, चार, पाच टक्क्यांचे नमुने करून सीबीआरचा आलेख काढा. प्रोजेक्टसाठी याहून चांगला विषय मला तरी दिसत नाही. शहराजवळच एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. त्यामुळे चुन्याबरोबर तिथली फ्लाय ॲश (कोळशाची राख) घालून आणखी एक मालिका करता येते.

मुरुमाबद्दल एक सांगतो. मुरूम म्हटला की तो चांगलाच, असा आपल्याकडे समज आहे. खाणीचा वरचा थर काढताना त्यात माती मिसळते आणि तो ओला झाला की चिखल होतो. तेव्हा मुरुमाचीही चाळणी आणि प्लॅस्टिसिटी प्रत्येक खाणीनुसार, आणि खाणीचा थर बदलला की पुन्हा तपासा.

दबाई: वाळूचा प्रयोग आणि त्यातल्या फटी

प्रयोगशाळेत हेवी प्रॉक्टर चाचणी करून (साच्यात माती ठोकून) मातीची जास्तीत जास्त कोरडी घनता आणि त्यासाठी लागणारं पाणी काढतात. साइटवर एमडीडी आणि ओएमसी म्हणतात ते हेच. प्रत्यक्ष थराची घनता या एमडीडीच्या किती टक्के भरली ते पाहायचं. भरावाला ९५, सबग्रेडला ९७, खडीच्या वेट मिक्स (पाणी घालून मिसळलेल्या) थराला ९८ टक्के हवेत.

घनता मोजायला सँड रिप्लेसमेंट. थरात १५० मिलिमीटर व्यासाचा, तेवढाच खोल खड्डा घ्या. निघालेली माती एक कणही न सांडता पिशवीत भरून तिचं वजन करा. मग माहीत असलेल्या घनतेची वाळू नळकांड्यातून खड्ड्यात सोडा आणि किती गेली ते मोजा. एक हिशोब करून पाहू. ओली माती ५७२० ग्रॅम निघाली. खड्ड्यात, नळकांड्याखालच्या शंकूतली वजा करून, ३७८० ग्रॅम वाळू गेली. वाळूची घनता १.४२. खड्ड्याचं आकारमान आलं २६६२ घन सेंटिमीटर आणि ओली घनता २.१४९. ओलावा ९ टक्के धरला तर कोरडी घनता १.९७१. एमडीडी २.०५ असेल तर दबाई ९६.२ टक्के. म्हणजे भराव पास, पण हाच थर सबग्रेड असेल तर नापास. आकडा तोच, निकाल वेगळा. म्हणून थराचं नाव लिहिल्याशिवाय घनतेच्या आकड्याला अर्थ नाही.

आता फटी कुठे आहेत ते पाहा. वाळू दमट असेल तर ती सैल बसते. खड्ड्यात कमी जाते, खड्डा लहान भासतो आणि दबाई फुगून दिसते. पावसाळ्यात हे सर्रास होतं. वाळू १ मिलिमीटरच्या चाळणीतून गळणारी आणि ६०० मायक्रॉनवर राहणारी घ्या, रोज सुकवा आणि कॅलिब्रेशन पुन्हा करा. उलट, वाळू पडत असताना शेजारून व्हायब्रेटरी रोलर गेला तर वाळू ठासून बसते आणि चांगला थर नापास होतो. तेव्हा रोलरवाल्याला पाच मिनिटं थांबायला सांगा. कुरकुर करेल, पण थांबेल.

सगळ्यात जास्त घोळ ओलाव्यात होतो. साइटवर कार्बाइडची पूड टाकून मोजायचं रॅपिड मॉइश्चर मीटर असतं. ते ओलावा ओल्या वजनावर सांगतं आणि आपल्याला हवा असतो कोरड्या वजनावर. मीटरवर ९ दिसले तर १०० मधून ९ वजा करा, ९१ येतील. ९ ला ९१ ने भागून शंभराने गुणा: ९.९ टक्के. हे न करता ९ च धरले की दबाई जवळजवळ एक टक्का जास्त दिसते. काठावर पास झालेले अहवाल तपासताना मी आधी हाच रकाना बघतो.

खडी

दगडाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. काळा पाषाण सगळीकडे आहे आणि डांबर त्याला चांगलं धरतं. इम्पॅक्ट व्हॅल्यू (ठोक्यांनी खडीचा किती टक्के चुरा होतो) वेट मिक्सला ३० पर्यंत, डीबीएमला (डांबरी खडीच्या खालच्या थराला) २७ पर्यंत आणि वरच्या बिटुमिनस काँक्रीटला २४ पर्यंत चालते. आपल्या खाणींत ताजा दगड असेल तर यात सहसा अडचण येत नाही. अडचण आकारात आणि धुळीत येते. क्रशरमधून चपटी, लांबट खडी जास्त पडली की ती रोलरखाली मोडते, म्हणून दोन्हींची मिळून मर्यादा ३५ टक्के आहे. खडीला धूळ चिकटली असेल तर डांबर दगडाला न लागता धुळीला लागतं. डांबर लावलेली खडी ४० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवून पाहायची चाचणी आहे. ९५ टक्के पृष्ठभागावर डांबर टिकून राहिलं पाहिजे. ही चाचणी प्रयोगशाळेत धुऊन घेतलेल्या खडीवर करू नका, प्लांटच्या ढिगातल्या खडीवरच करा.

डांबर आणि हॉट मिक्स

डांबर आता चिकटपणावरून ओळखलं जातं: व्हीजी-१०, व्हीजी-३०, व्हीजी-४०. आपला उन्हाळा आणि महामार्गावरची जड वाहनं पाहता व्हीजी-४० समजून घेण्यासारखं आहे. ६० अंशांना त्याचा चिकटपणा ३२०० ते ४८०० पॉइज असतो, तर व्हीजी-३० चा २४०० ते ३६००. साठच अंश का? मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्याचं अंग त्या घरात तापलेलं असतं. नरम डांबर तेव्हा चाकाखाली सरकतं आणि चाकोरी पडते.

मिश्रणाचा आराखडा मार्शल पद्धतीने ठरतो. नमुन्याला दोन्ही बाजूंनी ७५-७५ ठोके, ६० अंशांवर किमान ९ किलोन्यूटन स्थिरता, फ्लो (भाराखाली नमुना किती दबतो) २ ते ४ मिलिमीटर, हवेच्या पोकळ्या ३ ते ५ टक्के. स्थिरता जास्त आली की लोक खूश होतात. मला पोकळ्यांचा आकडा आधी बघावासा वाटतो. १५ किलोन्यूटन स्थिरतेचं कोरडं, पोकळ मिश्रण दोन पावसाळ्यांत खडी सोडतं.

साइटवर तापमान हे तुमचं हत्यार. व्हीजी-३० चं मिश्रण प्लांटमधून १५० ते १६५ अंशांना निघतं, अंथरताना किमान १४० हवं आणि रोलिंग ९० च्या खाली जाण्याआधी संपायला हवं. व्हीजी-४० ला हेच आकडे १६० ते १७०, १५० आणि १०० आहेत. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरची साय मोजतो. लांब दांड्याचा धातूचा थर्मामीटर डंपरच्या बाजूने मालात खुपसा. डिसेंबरच्या पहाटे ताडपत्री न झाकता लांबून आलेल्या डंपरमध्ये वरचा थर आणि पोट यांत बराच फरक पडतो. तो गार गोळा पेव्हरमधून (माल अंथरणाऱ्या यंत्रातून) तसाच बाहेर पडतो आणि पुढे नेमका तिथेच खड्डा होतो. रोलरला माल चिकटू नये म्हणून चाकाला डिझेल पुसतात, तेही तिथल्या तिथे थांबवा. डिझेल डांबर विरघळवतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत सोलापूर-विजापूर महामार्गावर एका लेनचं २५.५४ किलोमीटर डांबरीकरण १८ तासांत झाल्याचं जाहीर झालं होतं. असा वेग असेल तिथे निकाल दुसऱ्या दिवशी येऊन काय उपयोग? तापमान आणि थराची जाडी जागेवरच, डंपरगणिक नोंदवावी लागते.

मग डांबराचं प्रमाण. अंथरलेल्या मालाचा नमुना घेऊन फिरत्या भांड्यात द्रावकाने डांबर धुऊन काढतात. इथेही एक हिशोब. नमुना १२०० ग्रॅम. धुऊन सुकवलेली खडी ११३४. फिल्टर पेपरचं वजन २ ग्रॅमने वाढलं, द्रावकाबरोबर वाहून गेलेली बारीक धूळ ३ ग्रॅम. डांबर ६१ ग्रॅम, म्हणजे ५.०८ टक्के. मंजूर आराखडा ५.४ चा आणि सूट ०.३ ची असेल तर हे थोडक्यात बाहेर गेलं. पण धूळ आणि पेपरचे ५ ग्रॅम वजा करायचे ‘राहून गेले’ तर तेच ६६ ग्रॅम, साडेपाच टक्के, आणि ठणठणीत पास. नमुन्यात पाणी असेल तर तेही डांबर म्हणूनच मोजलं जातं. धूळ शोधायला द्रावक स्थिरावू देऊन गाळ मोजायचा असतो. तो कंटाळवाणा भाग आहे आणि म्हणूनच गाळला जातो.

थरांमधल्या टॅक कोटसाठी (दोन थर चिकटवणाऱ्या पातळ डांबरी फवाऱ्यासाठी) ट्रे टेस्ट करा. एक चौरस मीटरचा पत्रा रस्त्यावर ठेवायचा, फवारणीची गाडी वरून जाऊ द्यायची आणि वजन घ्यायचं. डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) पडलं पाहिजे. हाताने झारी फिरवून टाकलेला टॅक कोट मला मान्य नाही, तो वाघाच्या पट्ट्यांसारखा पडतो.

कोअर: झालेल्या कामाचा जबाब

रस्त्यातून यंत्राने कापून काढलेला १५० मिलिमीटर व्यासाचा गोल नमुना, म्हणजे कोअर, थराची जाडी, घनता आणि थर एकमेकांना चिकटलेत का, हे तिन्ही एकदम सांगतो. उन्हाळ्यात कोअर सकाळीच काढा. दुपारी डांबर मऊ असतं आणि कोअर वाकतो. जाडी चार बाजूंनी मोजून सरासरी घ्या. कोअर उचलताना दोन थर सहज सुटे झाले तर टॅक कोट कमी पडला किंवा धुळीवर पडला असं समजा.

घनतेसाठी कोअरचं विशिष्ट गुरुत्व हे सुट्या मिश्रणाच्या कमाल सैद्धांतिक गुरुत्वाच्या किमान ९२ टक्के हवं. कोअर २.३४ आणि कमाल २.५६ असेल तर ९१.४ टक्के, नापास. म्हणजे रस्त्यात ८.६ टक्के हवा राहिली. इतक्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात, पाणी आत शिरतं आणि शेवटी खालच्या काळ्या मातीपर्यंत पोचतं. दोन लेनच्या सांध्यालगतचा एक तरी कोअर घ्याच, सगळ्यात सैल जागा तीच असते. कोअरचा खड्डा लगेच गरम मालाने भरून धुमसाने ठोका, नाहीतर तपासणीवालाच खड्डे पाडून गेला असं होईल.

जुना रस्ता तपासताना

आधी पायी चाला. कडेला समांतर लांबच लांब भेग दिसली तर बहुधा उन्हाळ्यात साइडपट्टीखालची काळी माती आक्रसली आहे. चाकाच्या वाटेवर जाळीदार भेगा असतील तर थर थकलेत किंवा पाया ओला आहे. भेगा नसताना नुसती चाकोरी असेल तर डांबरी मिश्रणावर संशय घ्या. तीन मीटरची सरळपट्टी आडवी ठेवून चाकोरीची खोली मोजा. आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) ३७ नुसार २० मिलिमीटर ही चाकोरीची सीमा धरतात.

ताकद मोजायला बेंकेलमन बीम अजूनही चांगला, आणि बऱ्याच कॉलेजांत तो असतो. मागच्या ॲक्सलवर ८१७० किलो भार आणि टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला ५.६ किलो दाब असलेला ट्रक. बीमचं टोक जोडचाकांच्या फटीत ठेवायचं. ट्रक उभा असताना पहिलं वाचन, मग २.७ मीटर पुढे गेल्यावर आणि तिथून आणखी ९ मीटर पुढे गेल्यावर. रस्ता किती उसळून वर आला ते डायलवर दिसतं. हे पावसानंतर लगेच करायचं असतं. सोलापुरात मोठा पाऊस सप्टेंबरला असतो, म्हणून ऑक्टोबर योग्य. मे महिन्यात केलेली चाचणी कडक सुकलेल्या मातीची खोटी ताकद दाखवते.

थर उघडता येत नसेल तर डीसीपी (डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर) वापरा. आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून पडतो आणि शंकू जमिनीत किती उतरला ते मोजायचं. एका ठोक्याला २० मिलिमीटर गेला तर सीबीआर दहाच्या आसपास, ४० गेला तर पाचच्याही खाली. दोन माणसं आणि एक सकाळ पुरते.

वाहनांचं वजन विसरू नका. प्रमाण ॲक्सल ८० किलोन्यूटन म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या रस्ता-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम सांगतो की नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. १०.२ टनांचा ॲक्सल प्रमाण ॲक्सलच्या जवळजवळ अडीच पट नुकसान करतो. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि ठासून भरलेले ट्रक ज्या रस्त्यावरून जातात, तिथे जूनमध्ये केलेली वाहनगणना कुचकामी आहे. ती डिसेंबर-जानेवारीत करा आणि कारखान्याकडे जाणारी आणि रिकामी परतणारी बाजू वेगळी मोजा. चाकोरीही त्याच हिशोबाने एका बाजूला खोल सापडेल.

नोंद आणि नागरिकांचा हक्क

प्रत्येक नमुन्याच्या पिशवीत आणि पिशवीवर, दोन्हीकडे चिठ्ठी हवी: चेनेज, डावी की उजवी बाजू, कडेपासूनचं अंतर, थर, तारीख, वेळ, हवामान, हजर असलेल्यांच्या सह्या. फेल झालेला निकाल खोडू नका. त्याखाली फेरचाचणी लिहा आणि मधल्या वेळात जागेवर काय केलं तेही लिहा. महामार्गावर परवानगी, शंकू आणि झेंडेवाला माणूस असल्याशिवाय उतरू नका, मग तो कॉलेजचा प्रोजेक्ट का असेना.

आणि तुम्ही इंजिनिअर नसाल, फक्त गावच्या रस्त्याबद्दल शंका असेल, तरी हात बांधलेले नाहीत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यासाठी ‘मेरी सडक’ ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये कागद मागण्याबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो कलम २(ञ) मध्ये. अर्जात “रस्त्याच्या गुणवत्तेची माहिती द्या” असं मोघम लिहू नका. मंजूर मिश्रण आराखडा, थरनिहाय घनतेचं रजिस्टर, डांबराच्या टँकरची बिलं आणि गेटपास, रोजचं तापमान-रजिस्टर, कोअरची जाडी आणि जागा, आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो, एवढं नेमकं मागा. बिलांवरचं एकूण डांबर आणि रस्त्याची लांबी-रुंदी-जाडी, घनता आणि डांबराचं प्रमाण यांचा गुणाकार जुळतो का, हे दहावीतलं गणित घालून घरी बसूनही बघता येतं.